डबी फोडून पुन्हा डबीत : नाण्यांच्या ग्रेडचे आकडे आणि आपली नोंदवही

सयाजीराव महाराजांची छबी असलेल्या रुपयांची नोंदवही करायचे आपल्या मंडळात ठरले, तेव्हा एक सूचना आली होती. अमेरिकेतल्या नाणे-ग्रेडिंग कंपन्या त्यांच्याकडे आलेल्या प्रत्येक नाण्याची मोजदाद ठेवतात आणि ती जाहीरही करतात. कोणत्या संवताचा रुपया, कोणत्या दर्जाचे किती नग, असा तक्ता आयता मिळतो. मग घरोघर, सराफांच्या पेढ्यांवर आणि संग्राहकांच्या मागे हिंडण्यापेक्षा तोच आकडा का घेऊ नये? सूचना वाजवी वाटावी अशीच आहे. छापील तक्त्याचा आपल्यावर फार लवकर परिणाम होतो. पण तो आकडा नोंदवहीत शिल्लक नाण्यांची संख्या म्हणून घेऊ नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण अमेरिकेच्या नाणेबाजारातल्या एका जुन्या रिवाजात आहे. तिकडे त्याला 'क्रॅक-आउट' म्हणतात. ग्रेड देऊन सीलबंद केलेली डबी फोडायची, नाणे बाहेर काढायचे आणि जास्त ग्रेड मिळेल या आशेने तेच नाणे पुन्हा तपासायला पाठवायचे.

हे समजायला आधी डबी कुठून आली ते बघावे लागते.

नाण्याची झीज शब्दांत सांगायची पद्धत जुनी. चांगले, बरे, उत्तम, कोरे. असे शब्द आपल्या सराफांकडेही होते. आकड्यांची पद्धत रूढ झाली ती विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसामुळे. हा गृहस्थ पेशाने मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव सांगण्याचा त्याचा सिद्धांत एके काळी बराच गाजला होता. छंद मात्र अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटांचा. १९४९ साली त्याने या सेंटांवर पुस्तक काढले आणि त्यात १ ते ७० अशी मोजपट्टी दिली. कल्पना सरळ होती. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरायची, तर त्याच जातीच्या बिनडाग नाण्याची सत्तर. म्हणजे मुळात हा आकडा दर्जाचा होता तितकाच भावाचाही होता. पुढे बाजारभाव भलतीकडे गेले, एकास सत्तर हे प्रमाण मोडले, पण मोजपट्टी राहिली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७०च्या दशकात तीच पट्टी सगळ्या अमेरिकन नाण्यांना लावली. व्यवहारात न आलेल्या नाण्यांसाठी ६० ते ७० हा टप्पा, त्याला 'मिंट स्टेट' म्हणतात आणि आकड्यापुढे 'एमएस' लिहितात. सुरुवातीला त्यातल्या दोन-तीन पायऱ्याच वापरात होत्या. ६१, ६२, ६४ असे प्रत्येक आकडे मागाहून आले.

शेल्डनबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा आपल्या विषयाशी संबंध आहे. १९४६ साली जॉर्ज क्लॅप नावाच्या संग्राहकाने आपले सेंट न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दिले होते. शेल्डनच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उघडकीस आले की त्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्याने त्यांच्या जागी आपल्याकडची हलकी नाणी ठेवली होती. त्याच्याकडून ती नाणी विकत गेली होती, म्हणून ती परत मिळवण्यासाठी कॅलिफोर्नियात खटला चालला. ज्याने दर्जाचे आकडे दिले त्यानेच नाणी बदलली, हा योगायोग विचित्र आहे खरा. आपल्या कामाचा भाग वेगळा : असली अदलाबदल पकडायची तर नुसत्या ग्रेडने भागत नाही. जुनी छायाचित्रे काढून नाण्यावरचे ओरखडे, डाग, ठोके एकास एक जुळवून बघावे लागतात. एकाच ग्रेडची दोन नाणी असू शकतात, ओरखडे मात्र सहसा तेच ते सापडत नाहीत.

आता डबी. १९७२ साली असोसिएशनने वॉशिंग्टनमध्ये नाण्यांचा खरेखोटेपणा ठरवणारी सेवा सुरू केली, तिचे नाव 'अनॅक्स'. १९७९ पासून ती ग्रेडही देऊ लागली. नाण्याबरोबर छायाचित्र असलेले प्रमाणपत्र मिळे, पण नाणे सुटे. साहजिकच एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्या नाण्याला जोडण्याचे प्रकार शक्य होते, आणि सुटे नाणे हाताळताना खराब होई ते वेगळेच. शिवाय ज्या व्यापाऱ्याकडे नाणे विकायला न्यावे तो ग्रेड कमी सांगणार आणि विकताना जास्त, ही तक्रार तिकडेही होतीच. त्यावर १९८६ च्या फेब्रुवारीत डेव्हिड हॉल आणि आणखी काही व्यापाऱ्यांनी 'पीसीजीएस' सुरू केली. परीक्षकांनी एकमेकांचे मत न बघता ग्रेड सांगायची, त्यातून एक आकडा ठरवायचा आणि नाणे पारदर्शक कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून टाकायचे. आत चिठ्ठी, तिच्यावर नाण्याचे नाव, ग्रेड आणि क्रमांक. डबीच्या दोन्ही बाजू ध्वनिलहरींच्या कंपनाने एकजीव केलेल्या, म्हणजे फोडल्याशिवाय उघडत नाही. याच डबीला 'स्लॅब' हे नाव पडले. पुढच्याच वर्षी जॉन अल्बनीज यांनी 'एनजीसी' काढली. आपल्याकडच्या संस्थानी नाण्यांच्या ज्या स्लॅब लिलावांच्या यादीत दिसतात त्यातल्या बहुतेक याच दोन कंपन्यांच्या असतात.

पीसीजीएसची सगळ्यात पहिली डबी लहान होती. काहींच्यात नाणे नीट घट्ट बसत नसे आणि हलवले की खुळखुळे, म्हणून तिला 'रॅटलर' म्हणतात. आज तीच खुळखुळणारी डबी लोक जास्त पैसे मोजून घेतात! कारण काय, तर त्या वेळचे परीक्षक कडक होते असा समज आहे. म्हणजे त्या डबीतले ६४ आज पाठवले तर ६५ येईल, अशी आशा. काहीजण डबी न फोडता तशीच जपून ठेवतात, ती डबीच आता जमवण्याची वस्तू झाली आहे. छंदाला अंत नाही.

डबीने एक मोठा बदल केला. ग्रेड पूर्वी बोलाचालीचा विषय होता, तो आता नाण्याबरोबर प्रवास करू लागला. न बघता, फोनवर, नुसत्या आकड्यावर सौदे होऊ लागले. वॉल स्ट्रीटच्या बड्या संस्थांनाही नाणी म्हणजे शेअरसारखा माल वाटू लागला आणि १९८९-९० च्या सुमारास नाण्यांत पैसे गुंतवणारे फंड निघाले. भाव चढले आणि मग जोरात पडले. पण आकड्यावर सौदा करण्याची सवय टिकली, आणि त्यातूनच डबी फोडण्याचा धंदा वाढला.

धंदा हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. ६४ आणि ६५ या दोन ग्रेडमधला फरक डोळ्यांना फारच थोडा दिसतो. गालावरचा एखादा ठोका, मैदानातली चमक जराशी मंद, शिक्का किती खोल उमटला, आणि एकूण नाणे बघताना कसे वाटते. हे सगळे माणसाच्या नजरेवर. सीमारेषेवरचे नाणे आज ६४, दोन महिन्यांनी ६५, असे होऊ शकते आणि त्यात कोणी लबाडी केलेली नसते. संगणकाकडून ग्रेड काढून घ्यायचा प्रयत्नही १९९० मध्ये पीसीजीएसने करून बघितला, तो काही टिकला नाही. २००३ साली 'कॉइन वर्ल्ड' या साप्ताहिकाने तीच नाणी वेगवेगळ्या कंपन्यांकडे पाठवून बघितली, तर ग्रेड वेगवेगळ्या आल्या. भाव मात्र नजरेसारखे हळूहळू बदलत नाहीत, ते पायरीपायरीने उड्या मारतात.

हिशोब करून बघू. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. समजा एखाद्या नाण्याचा भाव ६४ ला २०० डॉलर आणि ६५ ला १,००० डॉलर आहे. तपासणीची फी ४० डॉलर. पाच वेळा पाठवल्यावर एकदा ६५ येईल असा अंदाज असला, तर पाच फेऱ्यांची फी २०० डॉलर आणि वाढ ८०० डॉलरची. टपाल आणि विमा वजा केला तरी हातात बरेच उरते. ज्याची नजर तयार आहे, ज्याला सीमारेषेवरचे नाणे दुसऱ्याच्या टेबलावर ओळखता येते, तो यावर संसार चालवू शकतो, आणि तिकडे काहीजण चालवतातही. धोका आहेच. डबी फोडली की कंपनीची हमी संपली. नवे परीक्षक ६३ म्हणू शकतात. 'हे नाणे पूर्वी घासले गेले आहे' असा शेरा मारून आकडाच नाकारू शकतात, मग आधीचे २०० सुद्धा येत नाहीत. शिवाय फोडताना नाण्याला धक्का लागला तर प्रश्नच मिटला.

कायद्याने यात काही गैर नाही. नाणे त्याचे, डबी त्याची, फी त्याने भरली. नाण्याला मेण किंवा लेप लावून डाग लपवणे, चमक वाढवणे ही सरळ फसवणूक आहे आणि तिची गोष्ट वेगळी. नुसती डबी फोडणारा नाण्याला हातही लावत नाही, फक्त दुसरे मत मागतो. डॉक्टर बदलावा तसे. कंपन्यांनी स्वतःच त्यासाठी सभ्य वाटा काढल्या आहेत. डबीसकट नाणे पाठवून फेरविचार मागता येतो. एका कंपनीच्या डबीतून दुसऱ्या कंपनीच्या डबीत जाण्यासाठी 'इतक्या ग्रेडच्या खाली आल्यास डबी फोडू नका' अशी अट घालता येते. तरीही पुष्कळजण आधी स्वतः फोडून मगच पाठवतात. आधीचा आकडा परीक्षकाला दिसला तर त्याचे मत तिथेच अडकते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला चुकीचे वाटत नाही.

तर मग माझा आक्षेप कशाला? तो मोजदादीला आहे.

ग्रेड दिलेले प्रत्येक नाणे कंपनीच्या वहीत एक नग म्हणून चढते. त्या वहीचे नाव 'पॉप्युलेशन रिपोर्ट', बाजारात नुसते 'पॉप'. वरच्या हिशोबातले नाणे पहिल्यांदा ६४ झाले तेव्हा एक नोंद. मग पाच वेळा फोडून पाठवले. चार वेळा पुन्हा ६४ आणि पाचव्यांदा ६५. म्हणजे ६४ च्या रकान्यात पाच आणि ६५ च्या रकान्यात एक. नाणे एक, नोंदी सहा. फोडलेल्या डबीतली चिठ्ठी परत पाठवली तर कंपनी ती नोंद कमी करते, आणि कंपन्या तशी विनंती करतातही. पण सगळेच थोडे पाठवतात? कोणाला आळस, कोणाला वाटते आपण किती वेळा फोडले ते कळू नये, आणि बऱ्याच जणांची चिठ्ठी डबीच्या तुकड्यांबरोबर केराच्या टोपलीत गेलेली असते. म्हणून अनुभवी अमेरिकन संग्राहक पॉपचा आकडा बघताना मनातल्या मनात त्याला कात्री लावतात. ज्या ग्रेडच्या वरच्या पायरीला भावाची मोठी उडी आहे तिथे ही फुगवटी जास्त असणार, हे उघड आहे. जिथे उडी नाही तिथे कोण फी भरून पुन्हा पाठवील?

२०१० साली पीसीजीएसने नाण्याच्या पृष्ठभागाचे लेसरने चित्र घेऊन ते साठवण्याची योजना काढली. तेच नाणे पुन्हा आले तर यंत्राने ओळखावे, हा उद्देश. माणसाच्या बोटांचे ठसे असतात तसे हे. यातून दोन गोष्टी कळतात. एक, फोडून परत पाठवण्याचे प्रमाण इतके होते की कंपनीला त्यावर पैसे खर्चावेसे वाटले. दुसरी, १९८६ ते २०१० या चोवीस वर्षांच्या नोंदींना असा ठसा नाही, त्या मागे जाऊन दुरुस्त होणाऱ्या नाहीत.

मोजदादीइतकेच नुकसान नावांचे होते. काही चिठ्ठ्यांवर नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात होते तेही छापलेले असते. बाल्टिमोरच्या लुई एलिअसबर्ग यांनी अमेरिकेच्या नाण्यांचा जवळपास संपूर्ण संग्रह जमवला होता. तो विकला गेल्यावर त्यांचे नाव असलेल्या चिठ्ठ्या बाजारात आल्या. आता अशी डबी कोणी ग्रेड वाढवायला फोडली आणि नाणे नाव न सांगता पाठवले, तर नवी डबी वरच्या आकड्याची पण निनावी येते. पुढच्या मालकाला कळतही नाही की हे नाणे कुठून आले. मग कोणीतरी चिकाटीचा माणूस जुन्या लिलावांच्या सूचीतली चित्रे उघडून बसतो आणि डागावरून डाग जुळवून ते नाव परत मिळवतो. मला या लोकांबद्दल फार आदर आहे. आपल्या पोथ्यांच्या प्रती जुळवणाऱ्यांसारखेच हे काम आहे, फक्त भिंग थोडे मोठे लागते.

हे सगळे वाचताना बंगालच्या सिक्का रुपयाची आठवण होते. मोगल पद्धतीत रुपयावर बादशहाच्या राज्यारोहणाचे वर्ष असे. चालू वर्षाचा रुपया तो 'सिक्का', त्याला पूर्ण भाव. वर्ष उलटले की त्याच चांदीवर बट्टा बसे, आणखी जुना झाला की आणखी. चांदी तेवढीच असताना! साहजिकच जुने रुपये टांकसाळीत नेऊन, घडणावळ देऊन, नव्या वर्षाचा शिक्का मारून घेण्यात लोकांचा आणि त्याहून जास्त सराफांचा आणि टांकसाळीचा फायदा. इंग्रज कंपनीने शेवटी सगळ्या रुपयांवर शहा आलमचे १९ वे वर्ष कायम करून हा खेळ थांबवला, आणि त्यामुळे १९ सनाचे रुपये तो बादशहा जाऊन कित्येक वर्षे झाली तरी निघत राहिले. त्या वर्षावरून जो कोणी टांकसाळीचे उत्पादन मोजायला जाईल तो फसेल, हे नाणेशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. स्लॅबचा आकडाही मला त्याच जातीचा वाटतो. वस्तू तीच, शिक्का पुन्हा पुन्हा.

आपल्या मुलखातही परखणावळ नवीन नाही. मराठी अंमलात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि वसुलीच्या वेळी ते पारखून घ्यायला पोतदार असे. गायकवाडीतला बाबाशाही रुपया, त्यावरची बादशहाच्या नावाची तुटकी फारसी अक्षरे आणि मध्ये नागरीतले राजाचे आद्याक्षर, हे तर आपल्यातल्या अनेकांच्या घरात अजून आहे. त्यावर छिन्नीचे लहान लहान खोच दिसतात ते सराफांच्या परखीचे. आजचा ग्रेडर अशा नाण्याला 'चॉपमार्क' किंवा नुकसान असा शेरा देऊन आकडा नाकारील. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो खोच हाच पुरावा आहे की हे नाणे खरोखर बाजारात फिरले, कोणाच्या तरी हाताने तपासले गेले. या कारणासाठी आपल्या नोंदवहीत ग्रेडपेक्षा खोच महत्त्वाचा, असे मी म्हणेन. काही सभासदांना हे पटणार नाही, मला कल्पना आहे.

सयाजीरावांचा छबीचा रुपया यंत्राचा. एका बाजूला पगडीतली छबी आणि भोवती नागरीत नाव, दुसऱ्या बाजूला 'एक रुपया', संवत आणि तलवार. संवत १९४० च्या आणि १९५० च्या दशकांतले, म्हणजे इसवी सनाच्या १८९० च्या आसपासचे. स्लॅबच्या चिठ्ठीवर हे संवत आणि कंसात इसवी सन असे छापतात. आता ही सगळी नाणी शंभर वर्षांहून जुनी आहेत. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीचे नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे कायदा पाळणाऱ्या वडोदऱ्याच्या संग्राहकाचा रुपया अमेरिकेच्या तपासणीच्या टेबलावर पोचायलाच नको. त्या तक्त्यातले रुपये आले ते प्रामुख्याने आधीच बाहेर असलेले. बाहेर गेलेल्यांची गोष्ट स्वतंत्र आहे. कोणी सैन्यात किंवा नोकरीत असताना नेली, काही जुन्या लिलावांतून गेली.

तेव्हा त्या तक्त्याची अडचण दुहेरी आहे. इथली नाणी, जी संख्येने जास्त असणार, ती त्यात नाहीत. आणि तिथली जी आहेत त्यातली काही दोनदा-तीनदा मोजलेली असू शकतात. एक चूक आकडा कमी करते, दुसरी वाढवते, म्हणून कोणी म्हणेल की सरासरी बरोबर येत असेल. तसे होत नाही. दोन्ही चुकांची मापे आपल्याला माहीत नसताना त्या एकमेकींना खोडतात असे मानायला आधार काय? उलट एखाद्या संवताचा रुपया तक्त्यात 'फक्त दोन' म्हणून दिसला की विक्रेता तो 'जगात दोनच' म्हणून भाव सांगतो, आणि आपल्या घरातला तिसरा रुपया तिथे मोजलेलाच नसतो. हे मी लिलावांच्या वर्णनांत अनेकदा वाचले आहे. नोंदवहीला मंडळाचे नाव असणार आहे. तिच्यात असा आकडा एकदा छापला की पुढचा अभ्यासक आपला दाखला देणार, आणि मग अमेरिकेतल्या कोणाच्या तरी पाच वेळा फोडलेल्या डबीचा हिशोब वडोदऱ्याच्या टांकसाळीच्या माथी बसणार.

याचा अर्थ स्लॅबमधली नाणी नोंदवहीत घेऊच नयेत असा नाही. ती घ्यावीत, पण तक्त्यातून नाही. एकेक नाणे म्हणून, चित्रासकट घ्यावीत. दोन्ही कंपन्यांच्या अलीकडच्या बहुतेक डब्यांचा क्रमांक टाकला की नाण्याचे चित्र बघता येते. लिलावांच्या सूचींतही चित्रे आहेत. ती समोर ठेवून छबीच्या गालावर, मैदानात, कडेला काय खुणा आहेत ते लिहावे. उद्या तेच नाणे दुसऱ्या क्रमांकाच्या, वरच्या ग्रेडच्या डबीत आले तर खुणांवरून ओळखता येईल आणि आपल्या वहीत एकच नग राहील. शिवाय कोणत्या साच्यातून ते निघाले हे अक्षरांच्या ठेवणीवरून, तलवारीच्या टोकाच्या जागेवरून जुळवता आले तर टांकसाळीबद्दल काही खरे कळेल. एका संवतात किती साचे वापरले हे कळणे मला शंभर ग्रेडपेक्षा मोलाचे वाटते.

सुट्या नाण्याला एक फायदा आहे. ते तोलता येते, कड बघता येते, दोन्ही बाजूंच्या छापांची दिशा एकमेकींशी कशी आहे ते हातात फिरवून कळते. बंद डबीत वजन होत नाही. जुन्या डब्यांत कड पूर्ण झाकलेली असते. नवीन काहींत नाणे चार-पाच आकड्यांवर तोलून धरतात, त्यामुळे कडेचा बराचसा भाग दिसतो. नकली रुपयांची शंका असेल तर वजन आणि कड याच पहिल्या कसोट्या, म्हणून अभ्यासासाठी डबी फोडावी लागली तर माझी हरकत नाही. संग्रहालये नाणी सुटीच, खणांच्या तबकांत ठेवत आली आहेत. फोडायची तर हातोडी मारू नये. मोठ्या पकडीने कोपऱ्यांपासून थोडे थोडे चिरत यावे, डोळ्यांवर चष्मा असावा, खाली जाड कापड असावे, आणि नाण्याला बोटे फक्त कडेवर लागावीत. चांदीवर घामाचा ठसा राहतो आणि तो पुढे काळा पडतो.

फोडण्याआधी डबीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र, क्रमांक वाचता येईल असे, आणि फोडल्यावर चिठ्ठी. चिठ्ठी कंपनीला परत पाठवली तर उत्तमच, त्यांच्या तक्त्यातली एक जास्तीची नोंद कमी होईल. पाठवण्याआधी तिचे चित्र ठेवावे. डबीवर कोणाच्या संग्रहाचे नाव असेल तर ते नोंदवहीच्या 'पूर्वीचे मालक' या रकान्यात त्याच दिवशी उतरवावे. २००७ पासून अल्बनीज यांच्याच 'सीएसी' या संस्थेचे हिरवे किंवा सोनेरी लहान स्टिकर काही अमेरिकन नाण्यांच्या डब्यांवर दिसते, 'या ग्रेडला आम्हीही दुजोरा देतो' अशा अर्थाचे. म्हणजे मतावर आणखी एक मत, तेही डबीवर चिकटवलेले आणि डबीबरोबरच फुटणारे. आपल्या रुपयांवर ते सापडायचे नाही, पण कोणाकडे अमेरिकन नाणी असतील तर त्याचीही नोंद करून ठेवायला हरकत नाही.

नोंदवहीचा पहिला मसुदा मी आठ रकान्यांचा केला आहे : संवत, वजन, कड, छापांची दिशा, साचा, खुणा, पूर्वीचे मालक आणि डबीचा क्रमांक. ग्रेडसाठी वेगळा रकाना ठेवलेला नाही. ती क्रमांकाखाली लहान अक्षरांत, तारखेसह लिहायची आहे, कारण त्याच रुपयाची ग्रेड पुढच्या वर्षी वेगळी असू शकते. ज्यांच्या घरी फुटलेल्या डबीची चिठ्ठी कुठे पाकिटात पडली असेल त्यांनी ती टाकू नये. नाणे विकून टाकलेले असले तरी चालेल, चिठ्ठी मला दाखवावी.